झाकणावरची शंभर कोटी सात

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. किती जुनी ते विचारू नका. मोजायला माणसं नव्हती तेव्हाही मी होतेच. एक, त्यापुढे आठ शून्यं आणि शेवटी सात, म्हणजे शंभर कोटी सात. एक आणि मी स्वतः सोडून कुणीही मला निःशेष भागू शकत नाही. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. शंभर कोटी नऊ ही माझी जुळी, तीही मूळ. आमच्या मध्ये शंभर कोटी आठ ठाण मांडून बसलेली, त्यामुळे आमची कधी भेट झाली नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. संख्यांना वाईट वाटत नसतं.

गेल्या वर्षी सिंगापूरला, क्लेमेंटीतल्या एका फ्लॅटमध्ये सारंग नावाच्या गणिताच्या संशोधकाने आमची ही गोष्ट आपल्या मुलीला, वल्लरीला सांगितली. तेव्हा तिची मैत्रीण जाई पुण्याला परत निघाली होती. जाईच्या बाबांचा तिथला नोकरीचा पास पुढे वाढला नव्हता. वल्लरीला तिला असं काही द्यायचं होतं, जे कुणाला तोडता येणार नाही. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात, तसं तिने पुण्याहून राहायला येणाऱ्या मालतीआजीला दोन डब्यांवर आम्हाला घालून आणायला सांगितलं. मी जाईसाठी, माझी जुळी वल्लरीसाठी.

आजी आली ती जाई निघायच्या आदल्या संध्याकाळी. जुळीचा डबा झकास होता. माझ्या झाकणावर मात्र सहाच शून्यं.

“अगं, याचं झाकण लहान, जागा पुरेना,” आजी म्हणाली. “मीच नाव घालणाऱ्याला म्हटलं, गाळा दोन. शून्यंच तर आहेत.”

सारंगने कॉम्प्युटरवर पाहिलं. “आई, ही एक कोटी सात झाली. हिला नऊशे एक्केचाळीसने भाग जातो.”

वल्लरी रडायला लागली. तेवढ्यात जाई निरोप घ्यायला आली.

“नेव्हर माइंड लाह,” ती तिथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली. “मी हाच नेते.”

“नाही. हा तुटतो.” वल्लरीने डोळे पुसले आणि स्वतःचा डबा तिच्या हातात दिला. “तू हा घे.”

“मग तुझं काय?”

“माझं मी बघते.”

आणि ती बघते. शाळेत जायला निघताना ती त्या झाकणावर शून्यांच्या मध्ये मार्करने सुटलेलं भरायची खूण करते आणि वर दोन शून्यं लिहिते. संध्याकाळी आजी डबा घासते, मार्करची शून्यं जातात आणि झाकणावर ती तुटकी एक कोटी सात उरते. सकाळी वल्लरी मला पुन्हा लिहिते.

मित्रांनो, कोरलेलं आपोआप टिकतं, त्यात कुणाचं कौतुक नाही. तुमचंही कुणी लांब गेलं असेल, तर मार्कर हाताशी ठेवा. मघाशी मी म्हटलं, संख्यांना वाईट वाटत नसतं. पण सुट्टीच्या दिवशी डबा भरत नाहीत, मार्करचं टोपण उघडत नाही, तेव्हा मला करमत नाही.