दोन चंद्रांचं रान

इंदापूरच्या एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत, खताच्या दुकानावरच्या मजल्यावर बुद्धघोष मिसाळ यांचा दाताचा दवाखाना होता. लोकांनी नाव आखूड करून ‘घोष डॉक्टर’ केलं होतं. त्यामुळं नवा पेशंट आला की हमखास विचारायचा, “डॉक्टर, तुमी बंगाली व्हय?” आणि डॉक्टर सुई भरता भरता सांगायचे, “मी इथलाच, अंथुर्ण्याचा. आ करा.”

बाहेरच्या खोलीत, पेशंटांच्या बाकासमोर, काचेचं एक कपाट होतं. दुसऱ्या डॉक्टरांच्या कपाटात औषधांची सॅम्पलं असतात. ह्या कपाटात सैनिक होते. शिशाचे, अंगठ्याच्या पेराएवढे. अंगभर चिलखत, तोंड झाकणारं शिरस्त्राण, हातात कुठल्याच फौजेत नसतात असल्या बंदुका. आणि त्यांच्यासमोर, कपाटाच्या दुसऱ्या अंगाला, लांब मानेचे, चार हातांचे, निळसर कातडीचे प्राणी. गाल धरून बसलेली माणसं त्यांच्याकडं बघत राहायची आणि घटकाभर कळ विसरायची.

डॉक्टर पुण्यात शिकत असताना नैरोबीचा जिग्नेश नावाचा गुजराती मुलगा होस्टेलवर त्यांच्या खोलीत होता. हा विलायती खेळ त्याचा. हजारो वर्षांनंतरची युद्धं टेबलावर मांडायची, फासे टाकायचे, पट्टीनं अंतर मोजून फौज पुढं सरकवायची. शिक्षण संपल्यावर जिग्नेश लंडनला गेला आणि जाताना आपला खोका मित्राला देऊन गेला. पुढंही कुणी इकडं येणारा भेटला की त्याच्या हाती नवी पुडी पाठवायचा. इंदापुरात हा खेळ खेळायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून डॉक्टर नुसते रंगवायचे आणि मांडून ठेवायचे.

रविवारी दुपारी गल्ली पेंगुळलेली असायची. डॉक्टर डोळ्याला भिंग लावून बसायचे. पातळ रंगाचा थर, तो वाळला की दुसरा थर. शेवटी काळपट रंगाचं पाणी खाचांमध्ये सोडलं की चिलखताचा एकेक सांधा उठून यायचा. मोडलेला हात ते कवळीची हिरडी करतात त्या गुलाबी मसाल्यानं सांधायचे. रंगवता रंगवता त्यांना तो मुलूख दिसू लागायचा. तांबडी भुसभुशीत माती, पान न हलणारी झुडपं, आभाळात दोन चंद्र, एक हळदीसारखा पिवळा, दुसरा राखेसारखा. तिथं आवाज नसायचा. मग कधीतरी बायको, मोनाली, चहाचा कप शेजारी ठेवायची आणि हळूच विचारायची, “आलात का?”

ती कन्याशाळेत शिकवायची. ह्या नादाला तिनं कधी नावं ठेवली नाहीत. पण त्यात नवऱ्याला काय दिसतं हेही तिला कळलं नव्हतं, आणि डॉक्टरांना कधी सांगता आलं नव्हतं.

शहाण्णव सालची दिवाळी झाली आणि निमगाव केतकीहून म्हाळसाबाई आल्या. सत्तरी उलटलेल्या, तोंडात एकही दात नाही. कवळी करायची म्हणजे बऱ्याच खेपा. नातू रविराज मोटारसायकलवरून सोडायचा आणि आपल्या कामाला जायचा. म्हाळसाबाईंची उमर मेंढरांमागं चालण्यात गेली होती. आता पोरांनी डाळिंब लावलं होतं, घर स्लॅबचं झालं होतं. त्यांना बाकावर बसवेना. त्या सरळ कपाटापुढं फरशीवर टेकल्या.

“डॉक्टर, ही मानसं कुठली?”

“आभाळात पार लांब दुसरी पृथ्वी आहे असं समजा आजी. तिथली.”

“तितं चांदणं पडतंय?”

“दोन चंद्र आहेत,” डॉक्टर बोलून गेले. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

म्हाळसाबाईंनी मान हलवली. “मग रातचं चारायला बरं.”

पुढच्या खेपेला त्या जणू मधल्या दिवसांत विचार करूनच आल्या होत्या. “येवढी मानसं हत्यारं घिऊन हुबी हायती. राखत्यात काय?”

“राखत नाहीत, लढतात. ही इकडची फौज, ती तिकडची.”

“एकामेकाकडं तोंडं करून ठिवल्यात म्हून तसं दिसतंय,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “आमच्या तळावर बापय मानसं हुबी ऱ्हायची ती भाईर तोंड करून. मधी मेंढरं. लांडगा काय आतनं येत न्हाय.”

डॉक्टर तिथंच बाहेरच्या खोलीत बसून त्यांच्या कवळीसाठी गुलाबी मेण गरम करत होते. म्हाळसाबाईंनी हात पुढं केला. “त्यातलं वाईच द्या.” त्यांनी मेणाचा गोळा तळव्यात मळला. डोळे कपाटाकडंच होते, बोटं आपली आपण चालली होती. पाठ, मान, खाली वळलेले कान. बघता बघता करंगळीच्या नखाएवढं कोकरू उभं राहिलं.

मग त्या थांबल्या. “तिकडच्या मेंढराला पाय किती?”

डॉक्टरांनी खरोखरच विचार केला. “सहा असावेत. माती भुसभुशीत आहे, चारांवर रुतेल ते.”

म्हाळसाबाईंनी आणखी दोन पाय लावले.

त्या दिवशी दवाखाना बंद करण्याआधी डॉक्टरांनी ते कोकरू, कवळी घालतात तसं, साच्यात घातलं. मेण वितळून गेलं, जागी मसाला भरला, पाण्यात उकळून पक्का केला. साचा फोडला तेव्हा गुलाबी, कडक कोकरू हातात आलं. त्यांनी ते उजेडात धरलं. विलायतेहून आलेल्या पुडीत असलं काही कधी निघालं नव्हतं.

त्यानंतर दर खेपेला म्हाळसाबाई मेण मागून घ्यायच्या. एक मेंढी चरताना, एक मान वळवून मागं बघणारी, दोन कोकरं एकमेकांना ढुशा देणारी. कवळी चांगली बसली, त्या भाकरीसुद्धा खाऊ लागल्या, तरी येत राहिल्या. “हितं टोचतंय,” म्हणायच्या. हिरडीवर काही दिसायचं नाही. डॉक्टर कवळी काढून घ्यायचे, नुसतीच जरा घासल्यासारखी करायचे आणि मेणाचा डबा पुढं ठेवायचे.

एका रविवारी डॉक्टरांनी कपाट रिकामं केलं. एका फळीवर प्लास्टरची जमीन केली, तीवर अंथुर्ण्याच्या माळावरचा मुरूम चाळून पसरला. मधोमध, मसाल्यात पक्का करून जांभळट लोकर रंगवलेला कळप सोडला. भोवती ड्रेसिंगच्या पट्टीचे धागे ओढून दोरीची जाळी उभी केली, तळावर मेंढरं कोंडायला लावतात तशी. मग एकेक सैनिक उचलून बाहेर तोंड करून ठेवला. चिलखतवाल्याच्या शेजारी चार हातांचा निळा प्राणी, त्याच्या शेजारी पुन्हा चिलखतवाला. सगळे अंधारात काहीतरी निरखत असल्यासारखे दिसायला लागले.

मोनाली चहा घेऊन आली. कप हातातच राहिला. ती पेशंटांच्या बाकावर बसली आणि एकेक राखणदार बघत राहिली.

“हे बारामतीला न्या,” शेवटी ती म्हणाली. “तिथं डिसेंबरअखेर छंदांचं प्रदर्शन भरतंय.”

रविराजच्या घरी जीपही होती. पुढं म्हाळसाबाई, मागं मोनाली आणि मांडीवर तो सगळा मुलूख घेतलेले डॉक्टर, असे सगळे बारामतीला गेले. सभागृहात पोस्टाची तिकिटं होती, जुनी नाणी होती, काडेपेट्यांची चित्रं होती. परीक्षक फिरत फिरत आले. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, “ही लढाई कोणाकोणाची आहे?”

“लढाई नाही,” डॉक्टर म्हणाले.

“मग ह्यात संग्रह नेमका कशाचा?”

डॉक्टरांनी कलंडलेलं एक मेंढरू सरळ केलं. परीक्षकांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि ते तिकिटांकडं वळले.

दिवेलागणीला वीज गेली. पोरं कलकलली, कुणीतरी गॅसबत्ती पेटवून आणली. ठेवायला जागा शोधत तो माणूस डॉक्टरांच्या टेबलामागून चालला, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर सावल्या उठल्या. माणसाच्या दुप्पट उंचीचे राखणदार, त्यांच्या लांब माना, हातातल्या बंदुका. बत्ती पुढं सरकत होती तसतसा मधला कळप हलायला लागला. सहा सहा पायांची मेंढरं भिंतीवरून सावकाश चालत निघाली.

लोक आपापली टेबलं सोडून भिंतीकडं वळले. तेवढ्यात म्हाळसाबाईंनी जीभ टाळूला लावून हलकासा आवाज काढला, कळपाला वळवताना काढतात तसा. बत्तीवाला तिथंच थबकला, मग काय वाटलं कोण जाणे, माघारी वळला. मेंढरंही वळली. कुणी हसलं नाही. काडेपेट्यांवाले गृहस्थ डॉक्टरांच्या कानाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाले, “कुठं निघालीत ही?”

“पाण्यावर,” म्हाळसाबाईंनीच सांगितलं.

वीज आली तेव्हा लोकांनी डोळे चोळले. भिंत नुसती भिंत झाली. बक्षीस तिकिटांना मिळालं. डॉक्टरांना त्याचं काही वाटलं नाही. लोक जाता जाता टेबलाशी थांबत होते, वाकून एकेक मेंढरू बघत होते, आणि म्हाळसाबाई खुर्चीवर बसून तिथलं गवत कसलं, पाऊस कधी, कोकरं कुठल्या चंद्राला होतात, हे अगदी पाहून आल्यासारखं सांगत होत्या. डॉक्टर मागं उभं राहून ऐकत होते. त्यातलं बरंचसं त्यांनाही नवीन होतं.

परतीच्या वाटेवर थंडी झोंबत होती. म्हाळसाबाईंचा पुढच्या सीटवर डोळा लागला होता. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांची रांग समोरून येत होती. प्रत्येक गाडीखाली कंदील टांगलेला, आणि त्या उजेडात बैलांचे नुसते पाय दिसत होते, एकामागून एक, किती ते कळू नये असे. रविराजनं जीप कडेला घेऊन उभी केली. शेवटची गाडी जाईपर्यंत मोनाली ते पाय बघत होती.

मोनालीनं आपली शाल डॉक्टरांच्याही खांद्यावर ओढली आणि त्यांच्या मांडीवरच्या त्या तांबड्या जमिनीकडं बघत विचारलं, “तिथं थंडी किती असते हो?”

आणि डॉक्टर सांगायला लागले.