कुणाल पोचेपर्यंत

प्रणालीने झाडू उचलला, तोच करुणाबाईंनी तो सुनेच्या हातून काढून घेतला आणि दारामागे आडवा ठेवून दिला.

"पोरगं वाटेत आहे. पोचू दे आधी."

"आई, परवा रात्री निघाले ते. घर काय असंच ठेवायचं?"

"कोण म्हणून राहिलं असंच ठेव? पोचला की झाड."

सासरे मोहगावला गेले, की हा नियम तासाभरात सुटायचा. धाकटा दीर मात्र टोरंटोला निघाला होता. नागपूर ते टोरंटो बारा हजार किलोमीटर, विमानाने पंधरा तास, असं प्रणालीनेच मोबाइलवर पाहून सासूला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. कुणीतरी नकाशावर दोरी ताणून मोजलं असावं. असं सरळ जाणारं विमानच नव्हतं. मधे कतारमधल्या दोह्याला विमान बदलायचं होतं, आणि दोह्यात ताटकळणं त्या पंधरा तासांत धरलेलं नव्हतं.

समोरच्या खोलीत निरोपाला आलेल्या गल्लीने सांडलेला चिवडा, संत्र्यांची सालं, बॅगेवरून कापलेल्या सुतळीचे तुकडे. हीच खोली म्हणजे प्रणालीचं पार्लर. आरसा, एक खुर्ची, आणि आज अकरा वाजता बोरगावची दिपाली, तिची पहिली नवरी. सोबत दिपालीची आत्या येणार होती. सौसरातली दोन पार्लरं त्या आत्याने आधीच नापास केली होती.

"ती बाई उंबऱ्यावरूनच परत जाईन, आई."

"जाऊ दे मंग."

"तुमचं काय जाते जाऊ दे म्हणायला."

मोबाइल वाजला. कुणालचा मेसेज होता. 'वहिनी, पुढचं विमान हुकलं. कालपासून दोह्यातच बसून आहो, आता कुठं नेट मिळालं. दुसरं विमान संध्याकाळी. आईला सांगू नका.'

प्रणालीने मोबाइल पालथा ठेवला.

"पोचले भाऊजी," ती म्हणाली. "आताच मेसेज आला."

करुणाबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले, पदराने डोळे टिपले आणि स्वतःच दारामागून झाडू काढला.

"सर तिकडं, मी झाडतो. तुले तयारी असन."

त्या वाकल्या. झाडू फरशीला टेकला.

"राहू द्या," प्रणाली म्हणाली.

"काहून?"

प्रणालीने सासूच्या हातून झाडू काढून घेतला, बाजूला ठेवला आणि उकिडवी बसून फरशीवरचा चिवडा बोटांनी वेचू लागली. एकेक शेंगदाणा, एकेक मुरमुरा, डाव्या तळहातावर.

करुणाबाई सुनेकडे बघत राहिल्या. मग पालथ्या मोबाइलकडे. मग गुडघ्यावर हात देत हळूहळू तिच्याशेजारी खाली बसल्या.

"जेवला का तो तिथं?"

"विचारते," प्रणाली मान वर न करता म्हणाली.

"विचार. सालं मी वेचतो. तू आरसा पुसून घे."