अल्पशा आजाराने नव्हे

दुकानात सम्राटनं कॉम्प्युटरवर फ्लेक्स काढून दाखवला. बाळासोंच्या बायकोचा, कालिंदीचा फोटो, फोटोला हार, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'.

"खालची ओळ काढ," बाळासो म्हणाले.

"तात्या, समद्यांच्याच फ्लेक्सवर असती ती. आधीच घालून ठेवलेली हाय."

"तिला आजार कुठला होता? गुडघा दुखत होता. चालत गेली की दवाखान्यात."

गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं होतं. मग जखम चिघळली, ताप चढला आणि कालिंदी गेली. जंतू वॉर्डातलाच होता, शेजारच्या दोघींनाही तोच लागला होता. हे डॉक्टर भैरवींनी स्वतः सांगितलं, पण जिन्यात, हळू आवाजात. दवाखान्याच्या दारातून आत जाणाऱ्यांना कुणीच काही सांगत नव्हतं. बाळासोंना भांडायचं नव्हतं. तेवढं बळ उरलंच नव्हतं. आत जाणाऱ्याला कळावं, एवढंच त्यांना वाटत होतं.

सम्राटनं ओळ बदलली. 'ऑपरेशन नीट झाले. दवाखान्यात लागलेल्या जंतूमुळे निधन.' दवाखान्याचं नाव टाकायला मात्र तो तयार होईना.

"माझ्यावर केस पडंल, तात्या. दुकान बंद करतासा काय माझं?"

"ऱ्हाऊ दे. नाव मी सांगीन."

दवाखान्यासमोरच्या कोपऱ्यावर, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सशेजारी कालिंदीचा फ्लेक्स लागला. बाळासो त्याच्याखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. माणसं थांबायची, वाचायची, चुकचुकायची. जयसिंगपूरचा एकजण आईला पाय दाखवायला घेऊन आला होता.

"पावणं, कुठला दवाखाना ह्यो?"

बाळासोंनी समोर बोट केलं. तो आईचा हात धरून तिथंच उभा राहिला.

"मग आता काय करू?"

"जा की आत. पाय तर बरा करायलाच पायजे. पण पट्टी बदलायच्या आधी हात धुतला का, इचारायचं. लाजायचं न्हाय."

दुपारी डॉक्टर भैरवी रस्ता ओलांडून आल्या.

"काका, उन्हात किती बसणार? उतरवा ना तो फ्लेक्स. 'तूच सांगितलंस' म्हणून आत सगळे मलाच बोलतायत."

"खोटं सांगितलंसा व्हय?"

"नाही."

"मग दर म्हैन्याला किती जणांस्नी जंतू लागला, त्ये तुमच्या दारात लावा. तुमचा बोर्ड लागला की माझा उतरंल."

"बाकीचे दवाखाने लावत नाहीत, काका. आम्हीच लावला तर पेशंट तिकडं जातील."

"मग त्यांच्याबी दारात खुर्ची टाकतो."

डॉक्टरांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्यांनी कालिंदीच्या फोटोकडं पाहिलं.

"मी विचारते वर. पण माझ्या एकटीच्या हातात नाही. वेळ लागेल."

"इचारा." बाळासोंनी खुर्ची सावलीत सरकवली आणि पुन्हा बसले. "मला कुठली घाई? घरी जाऊन तर चहाबी माझा मलाच ठेवायचाय."