पहिल्या दिवशीचं शून्य

"सिस्टर, तुमच्याकडे येऊन माणसं बरी होतात की आजारी पडतात?"

विमा कार्यालयातून आलेल्या तपासनीस मॅडम चेष्टा करत नव्हत्या. त्यांच्यापुढे एकशेबारा फायली होत्या आणि सगळा हिशेब उलटा दिसत होता. मनाच्या आजारांसाठी वस्तीत उघडलेला हा दोन खोल्यांचा दवाखाना सरकारी आरोग्य विम्यावर चालायचा. नियम साधा होता. पेशंटने पहिल्या दिवशी नऊ प्रश्नांचा एक कागद भरायचा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तोच भरायचा. झोप, भूक, रडू, जगण्याचा कंटाळा. त्रास असेल तसे प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज उतरली किंवा शून्यच राहिली की पेशंट सुधारला आणि दवाखाना पास. इथे निम्म्याहून जास्त लोकांची बेरीज चढली होती.

सिस्टर बावीस वर्षं त्याच खुर्चीत बसत आली होती. डॉक्टर बदलले, पंखे बदलले, ही हलली नाही. "जगाचं सगळं ऐकून घेतेस, माझ्या वेळेला मात्र तुझे कान बंद," असं नवरा म्हणायचा आणि त्यात तथ्य होतं.

"मॅडम, पहिल्या दिवशी सगळेच थापा मारतात," ती म्हणाली. "झोप? छान. भूक? मस्त. मग आलात कशाला बाबा? तर म्हणे बायकोने पाठवलं. दोन-तीन महिने नुसतं हवापाण्याचं बोलतात. विश्वास बसला की मग खरं सांगतात. तेव्हा आकडा चढणारच ना!"

"पटतंय हो मला," मॅडम म्हणाल्या आणि त्यांना खरंच पटलेलं दिसत होतं. "पण तक्त्यात त्याला रकाना नाही. मंजुरीला सुधारलेले तीन कागद कमी पडतायत. या आठवड्यात तेवढे आले तर मिळेल. नाहीतर इथले पेशंट मोठ्या हॉस्पिटलला जोडावे लागतील."

मॅडम जेवायला गेल्या. बाहेरच्या बाकावरून बस ड्रायव्हर आत आला. आज त्याचा तीन महिन्यांचा कागद होता.

पहिल्यांदा आला तेव्हा त्याने अर्ध्या मिनिटात नऊ शून्यं टाकली होती, हजेरीपटावर सही करावी तशी. सिस्टरने तो कागद तसाच फाईलला लावला होता. पुढच्या मंगळवारी या, एवढंच म्हणाली. तो येत राहिला. पाच मंगळवार रस्त्यांवर आणि गिअरबॉक्सवर बोलला. सहाव्या मंगळवारी, वर्षभरापूर्वी मुलगी गेली, हे एक वाक्य बोलून उठून गेला. तरी सातव्याला आला, याचा तिला फार आनंद झाला होता.

आज तो पेन्सिल हातात धरून बसून राहिला.

"सिस्टर, भिंत पातळ आहे तुमची. मी ऐकलं सगळं."

"ऐकलंत तर ऐकलंत. लिहा."

"शून्यच टाकतो की परत. माझं काय जातंय? मोठ्या हॉस्पिटलची बस मीच चालवतो. जायला एक तास चाळीस मिनिटं. इथून पहिल्यांदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा त्या बसमध्ये मला दिसत नाही."

सिस्टरने मान खाली घातली. हे खोटं तिला सांगावंसुद्धा लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. बाहेर बाकावर आठ माणसं होती. तिला त्या क्षणी मोह झाला, आणि तो साधासुधा नव्हता.

"तुम्ही शून्य लिहिलंत," ती शेवटी म्हणाली, "तर मी पुढच्या मंगळवारी तुम्हाला विचारू काय?"

त्याने कागद जवळ ओढला. मग खाली वाकून एकेका प्रश्नावर थांबत त्याने कागद भरला. नवव्या, जगण्याच्या कंटाळ्याच्या प्रश्नावर पेन्सिल थांबली. मग तिथेही तीन.

"ड्युटी आहे आज?"

"चारची."

"आज नाही चालवायची. डेपोत मी फोन करते." तिने फोन केला, डॉक्टरांना हाक मारली आणि त्याचा हात धरून त्याला आतल्या खोलीत नेलं. ते तिघं तासभर आत होते. मधे एकदा त्याच्या रडण्याचा आवाज बाहेर आला, तेव्हा बाकावरची माणसं उगाचच खाली बघू लागली. नंतर डॉक्टरांनी त्याच्या बायकोला बोलावून घेतलं.

सिस्टर बाहेर आली तेव्हा मॅडम टेबलाशी बसल्या होत्या. भिंत पातळच होती. फाईल उघडी होती, पण त्या वाचत नव्हत्या.

सिस्टरने कागद त्यांच्यासमोर सरळ करून ठेवला.

"हा आजचा. शून्यावरून एकवीस," ती म्हणाली. "लिहून घ्या."