मेलेली जागा

पहिला मणी रेमेईच्या हाती लागला तेव्हा कोळ्यांच्या सभागृहात नुसता हेवा पसरला. आल्बुफेराच्या तळ्यात कुणी कुठे जाळी लावायची, हे दर उन्हाळ्यात पिशवीतून असे लाकडी मणी काढून ठरतं. पहिला मणी म्हणजे पहिली निवड, आणि पहिली निवड म्हणजे समुद्राकडच्या कालव्याची जागा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हिवाळ्यात वामी, म्हणजे सापासारखे लांबट मासे, तिथूनच बाहेर पडतात, अख्खा अटलांटिक पार करून अंडी घालायला जातात, आणि त्यांची सुईएवढी पिल्लं तेवढाच समुद्र कापून परत या तळ्यात येतात. एवढा मोठा महासागर, पण कधी न पाहिलेलं हे तळं त्यांना बरोबर सापडतं. त्या तोंडाशी जाळी लावणाऱ्याचं वर्ष ऐटीत जातं.

पंचायतीचे प्रमुख केलोकाका पेन सरसावून बसले होते. त्यांनी कालव्याचं नाव अर्धं लिहूनही टाकलं होतं. तेवढ्यात रेमेई म्हणाली, "काका, मला संत्र्याच्या चराची जागा द्या."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या जागेला गावात मेलेली जागा म्हणतात. चराच्या वरच्या अंगाला फेरांदिसचा संत्री धुण्याचा कारखाना आहे. जर्मनीला पोचेपर्यंत संत्र्यांना बुरशी लागू नये म्हणून ती औषधाच्या पाण्यातून काढतात. संत्री जर्मनीला जातात आणि पाणी चरातून तळ्यात येतं. काकांनी तिला दोनदा विचारलं. डोकं ठिकाणावर आहे ना, असंही विचारलं. रेमेईने दोन्ही वेळा होच सांगितलं.

डोकं अगदी ठिकाणावर होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी ती जागा तिच्या नवऱ्याच्या, बर्नातच्या वाट्याला आली होती. नाताळच्या बाजारासाठी जिवंत ठेवलेल्या त्याच्या वामी एका सकाळी पाण्यातल्या पेटीत पोट वर करून तरंगत होत्या. बर्नातने तक्रार केली. प्रकरण कोर्टात गेलं, आणि फेरांदिसने तिथे काय डोकं लढवलं पाहा. तळ्याच्या जुन्या कायद्याप्रमाणे चराच्या तोंडाशी पाणी अडवायचं जे दार असतं, त्याची किल्ली जागेच्या धन्याकडे असते, वर्षभर तिथलं पाणी त्याच्या ताब्यात असतं, मग त्या पाण्यात मासे मेले तर जाब त्यालाच विचारा, असं त्याच्या वकिलाने ठासून मांडलं. कोर्टाला ते पटलं. वर फेरांदिसने गावभर पसरवलं, की भरपाई लाटण्यासाठी बर्नातनेच पेटीत ब्लीचिंग पावडर टाकली. गावातल्या अर्ध्या चुली फेरांदिसच्या पगारावर पेटतात, त्यामुळे अर्ध्या गावाला विश्वास ठेवायला फारसा वेळ लागला नाही.

बर्नात डोमिनो खेळायला गुत्त्यात जायचा, तर त्याच्या समोरच्या खुर्चीत कुणी बसेना. मग तो जायचाच थांबला. वसंतात तो वारला. डॉक्टर म्हणाले हृदय. रेमेई म्हणाली फेरांदिस.

नोव्हेंबरात संत्र्यांचा हंगाम सुरू झाला, त्या सकाळी ती होडी घेऊन चराशी गेली, जाळी लावली, दार खाली पाडलं आणि किल्ली कमरेला खोचली. कारखान्याचा मुकादम धावत आला. तिने त्याला शांतपणे सांगितलं, की हे पाणी माझ्या ताब्यात आहे, तुझ्या मालकानेच कोर्टात तसं सिद्ध केलंय, त्याला जाऊन विचार.

पाण्याला जायला वाट राहिली नाही, तेव्हा ते आलं त्या वाटेने परत फिरलं. आधी चर तुडुंब भरला, मग पाणी कारखान्याच्या आवारात शिरलं, तिथून फेरांदिसच्या बागेत. पिवळट फेसात सडकी संत्री तरंगायला लागली. वास असा, की जर्मनीहून आलेले व्यापारी नाकाला रुमाल लावून गाडीतूनच परत गेले. फेरांदिसने वकील गाठला. वकिलाने आपणच जिंकलेला निकाल पुन्हा वाचला आणि तो एवढंसं तोंड करून बसला. रेमेईला हे कळलं तेव्हा बर्नात गेल्यानंतर पहिल्यांदा तिने लसूण-तिखटातली वाम शिजवली आणि पोटभर जेवली. वाम शेजाऱ्याकडून मागून आणलेली होती, कारण तिच्या जाळ्यात गाळ आणि प्लॅस्टिकशिवाय काही येत नव्हतं.

फेरांदिसला एक पळवाट होती. जाळी रोज उचलली नाही तर जागेवरचा हक्क जातो. फेरांदिसने काठावर खुर्ची टाकून एक माणूस बसवला, बाई एक दिवस चुकते का ते बघायला. जानेवारीत रेमेईला ताप भरला. ती घोंगडं गुंडाळून, होडीचा बांबू रेटत गेली, रिकामी जाळी उचलली, त्या माणसाला रामराम घालावा तसा हात केला आणि परत येऊन अंथरुणात पडली.

कारखाना बंद पडला. तिची धाकटी बहीण एम्पार तिथे संत्री निवडायला होती. ती आली ती दारातच उभी राहिली.

"ताई, तुझा सूड आमच्या ताटातनं चाललाय."

"बर्नातच्या शवपेटीला खांदा द्यायला तुझा नवरा आला नाही," रेमेई म्हणाली. "मालक बघतील म्हणून. तेव्हा ताट भरलेलं होतं ना?"

एम्पार आल्या पावली परत फिरली. ती गेल्यावर रेमेईला रडू आलं, पण उठून तिच्या मागे जावं असं वाटलं नाही. बहीण दुखावली याचं वाईट वाटत होतं आणि बाण बरोबर लागला याचं बरंही वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर बरं जास्त वाटत होतं.

शेवटी फेरांदिस स्वतः आला. बूट चिखलाने माखलेले, झोप नसलेला चेहरा. तो किमतीची भाषा बोलायला लागला. तिने त्याला मध्येच तोडलं आणि काय हवं ते सांगितलं. रविवारी प्रार्थनेनंतर सभागृहात, सगळ्यांसमोर, बर्नातबद्दलचं खरं.

"आणि मग दार?" त्याने विचारलं.

"आधी बोला तर खरं."

रविवारी सभागृहात बसायला जागा नव्हती. एम्पारही नवऱ्याबरोबर मागच्या रांगेत होती. फेरांदिस उभा राहिला, त्याने टोपी काढली आणि जमिनीकडे बघत बोलला.

"पेटीत पावडर नव्हती. पाणी माझं होतं. त्या औषधाने वामी मरतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. बर्नात खोटं बोलला नाही."

डोमिनोवाले आपापले हात निरखत बसले. रेमेईने एकेकाच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली आणि कुणालाही सोडलं नाही.

मग फेरांदिसने किल्लीसाठी हात पुढे केला.

"कशाला?" तिने विचारलं.

"तू शब्द दिला होतास."

"मी म्हटलं, आधी बोला. दार उघडते असं एकदा तरी म्हटलं का, आठवून बघा मालक."

केलोकाका हलक्या आवाजात म्हणाले, की पोरी, माणूस सगळ्यांसमोर वाकला, आता पुरे कर. रेमेई त्यांच्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

"काका, त्याने आत्ताच सांगितलं की या पाण्याने वामी मरतात. सगळ्यांनी ऐकलं. आता ऐकूनसवरून, ते तळ्यात सोडा असं ज्याचं म्हणणं असेल त्याने हात वर करावा. मी लगेच किल्ली देते."

वर्षभर कारखान्याच्या बाजूने बोलणारेही खिडकीबाहेर बघायला लागले. फेरांदिसने एकेका नोकराकडे पाहिलं, आणि ज्याच्याकडे पाही तो मान खाली घाली.

मग मागच्या रांगेत एक हात वर गेला. औषधाच्या पाण्याने बोटांची सालं निघालेला, संत्री निवडून पिवळा पडलेला. एम्पार रडत होती, पण हात तिने खाली घेतला नाही.

फेरांदिसने पुन्हा तळवा पुढे केला. रेमेईने किल्ली कमरेतून काढली आणि त्याच्या तळव्यावर ठेवली. दिला शब्द तिने पाळला. मग ती एम्पारपाशी गेली, तिचा तो हात मनगटाला धरून वर उचलला आणि सगळ्या गावाला दिसेल असा धरून ठेवला.

"नीट बघून घ्या," ती म्हणाली. "उद्या वामी मेल्या की कुणी मारल्या हे विचारायला माझ्याकडे येऊ नका."