पूर्णिमाची नजर

कागलच्या शाळेत शिकवायला जाता-येता पूर्णिमाची स्कूटर खड्ड्यात आदळली, की तिच्या मनात यायचं, कुणाला उडवलं तर नसेल? कुणी नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक असायचं. तरी ती गाडी वळवून मोकळा रस्ता बघून यायची, थोडी पुढं गेली की पुन्हा वळायची. शेवटी तिनं मनाच्या आजारांचे डॉक्टर गाठले. "हे खोटं आहे हे तुम्हाला कळतंय, हीच जमेची बाजू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळ्या सुरू झाल्या. घरात हे फक्त नवऱ्याला, धम्मपालला माहीत होतं.

त्यांची एकुलती एक लेक संघप्रिया, नाकीडोळी नीटस. पण आपला जबडा डावीकडं वाकडा आहे, असं तिनं मनात घेतलं होतं. तोंडावरचा स्कार्फ घरातसुद्धा सुटेना. चालून आलेली नोकरी तिनं सोडली. दाताच्या डॉक्टरांनी काही दोष नाही म्हणून सांगितलं, तर तेही खोटारडे ठरले.

एका रविवारी पूर्णिमानं तिला जवळ बसवून आपलं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता पोरीनं आईचा हात धरला. पूर्णिमाला धीर आला.

"म्हणून म्हणतो, एकदा डॉक्टरीणबाईंच्याकडं चल माझ्यासंगं. माझ्यागत तुझंबी मनाचंच दुखणं हाय."

पोरीनं हात काढून घेतला. "तुझं मनाचं हाय, आई. रस्त्यात कुणी पडलेलं न्हाय, हे तुला कळतंय की. माझं हाडाचं हाय."

"सरळ हाय गं तुझा जबडा! मला दिसतंय न्हवं?"

"तुझ्या नजरेवर तुझा तरी भरवसा हाय का?"

हे वाक्य पूर्णिमाच्या डोक्यात रुतलं. जबडा सरळ होता, हे तिला कळत होतं. तरी जेवताना तिची नजर तिथंच जायची. एकदा बघून भागेना. भाकरी वाढताना, केस विंचरून देताना ती चोरून बघायची.

एका सकाळी पोरीनं तिला पकडलं.

"बघत हुतीस न्हवं? सरळ हाय तर कशाला बघतीस?"

"अगं, माझा आजार बघाय लावतोय मला!"

"खोटं बोलू नको आई. तुलाबी दिसतंय."

त्याच आठवड्यात संघप्रिया हुपरीला आत्याकडं निघून गेली.

पूर्णिमानं औषध नेटानं चालू ठेवलं. आता स्कूटर खड्ड्यात आदळली तरी ती मागं न वळता पुढं जाऊ लागली. डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली, तेव्हा पोरीच्या आठवणीनं ती त्यांच्यासमोरच ढसाढसा रडली.

दिवाळीच्या तोंडावर ती हुपरीला गेली. पोरगी माडीवर होती. पूर्णिमानं जिन्याखालून हाक मारली, "प्रिया, येऊ का वर?"

"नको. तिथनंच बोल."

मग पूर्णिमा पायरीवर बसली आणि नजर वर जाऊ नये म्हणून मान खाली घालून, धाकट्या जावेला मुलगी झाल्याचं सांगू लागली.