निळी बोट पाव्हण्यांची

लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष आणि पावसानं तोंड फिरवून दुसरं. तळ्यात पाणी उरलं ते फक्त मधोमध. तरी नव्या जिल्ह्याच्या साहेबलोकांना सहलीच्या बोटी सोडायची हौस आली. बोटी दोन. दोन्हींच्या फळ्यांखाली सहा-सहा लोखंडी पिंपं. एक निळी, छताची. दुसरी बोडकी, गंजलेली.

श्रीमंत कचेरीत नवा कारकून. रविवारी आई गुणाबाई, बायको सिंधु आणि दोन लेकरं घेऊन आला. निळीकडं निघाला तर नावाडी ईश्वरप्पानं बांबू आडवा घातला.

"तुम्ही त्या बोटीत बसा. निळी पाव्हण्यांची हाय."

तुम्ही म्हणजे कोण? ईश्वरप्पा शेजारच्या गावचा. श्रीमंतचं घर बौद्धवाड्यात आहे हे त्याला पक्कं ठाऊक. शाळेत मास्तर श्रीमंतच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा. आता बोट वेगळी.

"लिहिलेला नियम दाखव."

"गुमान बसा की, साहेब." 'साहेब' म्हणताना त्याचे ओठ वाकडे झाले, असं श्रीमंतला वाटलं.

"अहो, लेकरं करपायलीत उन्हात," सिंधु म्हणाली. "बसू की हिच्यातच."

"आज बसलो तर जन्मभर हिच्यातच बसवतील!"

गुणाबाई एव्हाना चिखलात उतरली होती. चौकात टँकर ओतून जायचा त्या पिंपात किती घागरी उरल्यात, ते बाया नुसतं ठोकून सांगायच्या. दोन वर्षांत तिच्याही हाताची बोटं तयार झाली होती. तिनं गंजकी पिंपं ठोकली. टण्ण, टण्ण, साही पोकळ. मग निळीची. तिसरं धप्प. पाचवं धप्प.

"पाणी भरलंय रे ह्यात! माणसं चढली की कलंडंल ही."

"हळू बोला, मावशी," ईश्वरप्पा कुजबुजला. "चारदा सांगितलं वरती. म्हणले, उद्घाटन झालंय, गप राहा."

"म्हणजे आमचा जीव वाचवायला आडवा आलास का जात बघून?" श्रीमंतनं विचारलं.

त्याचा संशय जाईना.

तरी घरच्यांना घेऊन तो गंजक्या बोटीत बसला, तेवढ्यात जीप थांबली. व्यंकटराव ठेकेदार, त्याची बायको, नव्या फ्रॉकातल्या दोन पोरी. ईश्वरप्पानं बांबू बाजूला घेतला. श्रीमंतला वाटलं, बसू द्या, मिरवू द्या. पण पोरीनं निळीच्या फळीवर पाय ठेवला आणि तो ओरडला, "खाली घ्या तिला! पिंपं भरलीत!"

"तुला निळीत बसायचं असंल," व्यंकटराव हसला. "म्हणून हे सोंग."

गुणाबाई परत उतरली आणि पाचवं पिंप ठोकलं. धप्प. ठेकेदाराचं हसू विरलं. पोरीला त्यानं खाली ओढलं, अन् आभार न मानता म्हणाला, "ईश्वरप्पा, ती गंजकी रिकामी कर."

"जागा लई हाय," श्रीमंत फळीवरून सरकला. "या, बसा शेजारी."

ठेकेदाराच्या बायकोनं पाय उचलला. नवऱ्यानं तिचा दंड धरला.

"मग आम्ही जातो," श्रीमंत म्हणाला. "ढकल रं ईश्वरप्पा."

ईश्वरप्पानं एकवार ठेकेदाराकडं बघितलं. गुणाबाईला हात देऊन वर घेतलं आणि बांबू चिखलात रोवला.